सहीत मधलं नाव कोणाचं शिकवू?

पाटीपेन्सिल | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती विभागातल्या भांडणांतच असते, आज जरा वेगळा धागा काढतेय.

घणसोलीला राहते. गेल्या जूनपासून दर शनिवारी दुपारी दोन ते चार मोठ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. जागा ठाणे आणि वाशीच्या मध्ये कुठेतरी आहे, याहून जास्त सांगणार नाही. येणाऱ्या सात-आठ जणी मारहाणीला कंटाळून नवऱ्याचं घर सोडून आल्यात आणि त्यातल्या दोघींना नवरे अजून शोधतायत. कुणी घरकाम करतं, एक केटररकडे चपात्या लाटते, दोघी एपीएमसी बाजारात मिरचीची देठं मोडायला जातात. (त्या दोघी आल्या की पहिली दहा मिनिटं अख्ख्या वर्गाला शिंका.)

मी शिक्षिका नाही. बाराखडीपासून सुरू करणार होते, पण पहिल्याच दिवशी सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, आधी सही शिकवा. बरं म्हटलं. प्रत्येकीचं आधारवरचं नाव तिच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं, खाली गिरवायला जागा ठेवली.

एक पस्तिशीची आहे. तिच्या नावात दोन जोडाक्षरं, म्हणजे बिचारीची सुरुवातच चढावर. पेन्सिल इतकी दाबते की मागच्या तीन पानांवर उमटतं. दोन शनिवार घालवून तिने स्वतःचं नाव जमवलं. आज पुढच्या शब्दाचं एक अक्षर काढलं आणि विचारलं, "मॅडम, हे काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. नवऱ्याचं नाव. तिने पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. "हे नको. हेच लिवायचं असतं तर तिथंच ऱ्हायले असते की."

शेजारची म्हणाली, लिही गं मुकाट, बँकवाला नाहीतर परत पाठवेल. तिसरी म्हणाली, बापाचं लाव. त्यावर चौथी, "बापानंच तर दिलं होतं त्या घरात!" मग वर्ग राहिला बाजूला, अर्धा तास नुसता गलका.

आता सांगा, मी काय शिकवू? कागदावर आहे तेच, की ती म्हणेल ते? उद्या बँकेत किंवा कोर्टात माझ्या शिकवण्यामुळे तिचं काही अडलं तर?

---

कोपरीकर | १०:५१

जागा राखतो. सकाळी सविस्तर.

---

झब्बू | ११:०३

म्हणजे बघा, जन्मभर नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, घेतलं तर उखाण्यात. आणि लिहायला शिकायला बसली तर दुसराच शब्द त्याचा! आपल्या लोकांनी व्यवस्था मात्र चोख लावलीय.

---

कोर्टनाका | ११:२०

वकिली करते, म्हणून आधी कोरडं उत्तर देऊन टाकते.

सही म्हणजे संपूर्ण नाव असलंच पाहिजे असं कुठेही नाही. नुसतं नाव, नाव-आडनाव, आद्याक्षरं, काहीही चालतं. ती दर वेळी सारखी यायला हवी आणि बँकेतल्या नमुना सहीशी जुळायला हवी, बस्स. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये तर ज्याला नाव लिहिता येत नाही त्याने केलेली खूणसुद्धा सहीच धरलीय. तेव्हा तुमची विद्यार्थिनी नुसतं स्वतःचं नाव लिहून मोकळी होऊ शकते.

नाव आणि सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार, बँक, रेशनकार्डावरचं नाव बदलायचं असेल तर त्याची प्रक्रिया वेगळी, त्यात राजपत्र वगैरे येतं. तिची केस चालू असेल तर त्या भानगडीत आत्ता पडू नका. लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावलंच पाहिजे असा कायदा नाही, लावायची रीत आहे. आता आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालणं शासनाने सक्तीचं केलंय. विवाहित बाईच्या नावाचा साचा मात्र होता तोच ठेवलाय.

तिला वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हे खूप जणींना ठाऊकच नसतं.

---

खाडीपलीकडचा | रविवार, सकाळी ७:३५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या वयात अक्षरं गिरवत बसण्यापेक्षा त्यांना एखादं काम शिकवा. शिवण, पॅकिंग, ब्युटी पार्लर. पोटाचं आधी बघायला नको का? वाचायचं म्हणाल तर आज मोबाईल सगळं वाचून दाखवतो, बोललं की लिहूनही देतो. व्हॉइस मेसेजच्या जमान्यात बाराखडी कशाला?

---

झब्बू | ७:५०

खाडीपलीकडून रविवारी सकाळी साडेसातला समाजसुधारणा. काका, आधी चहा घ्या.

---

पारसिक | १०:१५

@खाडीपलीकडचा, तुमचा मुद्दा मला नवा नाही. मी काही वर्षं कळवा-मुंब्रा भागात समुपदेशनाचं काम केलंय आणि सुरुवातीला मलाही अगदी हेच वाटायचं.

घरात आलेला कागद आजवर कोण वाचत होतं? नवरा. नाहीतर दीर, नाहीतर सासरा. लाइट बिल, शाळेची नोटीस, दवाखान्याचा केसपेपर, सगळं. जो वाचतो तो सांगेल तेच कागदावर आहे असं धरून ती पंधरा वर्षं जगलेली असते. घर सोडल्यावर फक्त वाचणारा बदलतो. भाऊ वाचतो, घरमालक वाचतो, पोलीस वाचतात, आम्ही संस्थावाले वाचतो. आम्ही चांगलेच असू, पण तिचं सगळं बिंग आम्हाला ठाऊक होतंच ना? तिला एकटीने, कुणालाही न दाखवता, एखादी चिठ्ठी वाचता आली पाहिजे.

मोबाईलचं म्हणाल तर अनेकींचं सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर असतं. ओटीपी त्याच्याकडे जातात, आधारला नंबर त्याचा. आणि जो फोन मोठ्यांदा वाचून दाखवतो तो शेजारच्या खोलीतही ऐकू जातो.

एक प्रसंग. एका बाईला नवऱ्याने "रेशनकार्डाचा कागद आहे" सांगून अंगठा घेतला होता. तो कागद घेऊन ती आमच्याकडे आली तेव्हा कळलं की तो घटस्फोटाचा करार आहे, स्टँपपेपरवर, नोटरीचा शिक्का मारलेला. ती तर स्वतःला त्याची बायकोच समजत होती!

---

कोर्टनाका | १०:४०

पारसिकताई, असले नोटरीचे 'घटस्फोट' माझ्याकडे महिन्याला एक तरी येतो. वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवते: ज्या समाजात रूढीने काडीमोड चालत आलाय तो अपवाद सोडला, तर हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट फक्त कोर्टच देतं. नोटरीपुढे केलेल्या असल्या कराराने लग्न मोडत नाही. पण बाईला कागद वाचता आला नाही की ती तो खरा मानून हक्क सोडून देते, आणि नवऱ्याला तेवढंच हवं असतं.

---

निवृत्त_रोखपाल | दुपारी १:१२

तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलीत, त्यातली बरीच ठाणे जिल्ह्यात. माझा अनुभव थोडा उलटा आहे.

अंगठ्याच्या खात्याला लोक हसतात, पण त्याला एक कुंपण असतं. पासबुकावर फोटो असतो, पैसे काढायला खातेदाराला स्वतः यावं लागतं, चेकबुक सहसा देत नाहीत. नवरा एकटा स्लिप घेऊन आला तर आम्ही सरळ विचारायचो, बाई कुठेय? सही आली की ते कुंपण गेलं. चेकबुक आलं, स्लिपवर घरून सही करून आणता आली. सही शिकवू नका असं म्हणत नाही, पण त्या बायकांना हे सांगून ठेवा. अंगठ्यावरून सहीवर यायचं तर शाखेत स्वतः जाऊन अर्ज आणि नवीन नमुना सही द्यायची. आणि सही ठरवून, महिनाभर घोटून मगच जा. नवशिक्यांची सही दर वेळी वेगळी येते, मग चेक परत येतात आणि शिव्या रोखपालाला.

---

चाफेकळी | १:३०

रोखपालकाका, आमच्या शेजारच्या काकूंची सही बँकेने तीनदा नाकारली. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "अरे मीच आहे, माझ्याकडे बघ की, सहीकडे काय बघतोस!"

---

निवृत्त_रोखपाल | १:३४

त्या माझ्याच काउंटरवर आल्या होत्या बहुतेक.

---

नावात_काय | रात्री ११:५८

दुसऱ्या आयडीने लिहितेय, कारण उघड आहे.

वर सगळे असं बोलताय की हे फक्त न शिकलेल्या बायकांचं असतं. मी बीकॉम आहे. नेरूळला चांगल्या सोसायटीत राहत होते, स्वतःची नोकरी होती. देशपातळीवरच्या कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) लग्न झालेल्यांपैकी शंभरातल्या २९ जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय. त्या २९ मधल्या सगळ्या काही अंगठेबहाद्दर नसणार.

मला सही येत होती, हेच माझं दुखणं. रात्री साडेअकराला नवरा कागद पुढ्यात टाकायचा. "इथे, इथे, आणि इथे." पेनाने फुल्या मारलेल्या असायच्या. वाचायला घेतलं की विचारायचा, माझ्यावर विश्वास नाही का? त्यानंतर काय व्हायचं ते लिहीत नाही. दोन कर्जं माझ्या नावावर निघाली, आणि मी तिथून बाहेर पडून चार वर्षं झाली तरी एक अजून फेडतेय.

पाटीपेन्सिलताई, तुमचं काम मोठं आहे. पण सही शिकवायच्या आधी सही न करायला शिकवा. "वाचून सांगते", "उद्या सांगते", "कोऱ्या कागदावर करणार नाही". ही वाक्यं त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या, जशी आपल्याकडून पाढे म्हणवून घ्यायचे. मला वाचता येत होतं पण ती वाक्यं येत नव्हती.

---

पारसिक | सोमवार, ००:१०

ताई, तुमच्यापुढे काय बोलणार. एवढंच सांगते, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळालाही हिंसाच म्हटलंय. तुमचं हे सगळं त्यात येतं.

---

खाडीपलीकडचा | सकाळी ७:२०

नावात_काय, काल मी जरा घाईने लिहिलं. माझ्या आईच्या सगळ्या कागदांवर वडीलच "इथे कर" म्हणायचे. हिंसा वगैरे काही नव्हती, पद्धतच तशी होती. पण आईने एकदाही एखादा कागद वाचलेला मला आठवत नाही, आणि ती सातवी पास होती.

---

कोपरीकर | ९:४५

'सकाळी सविस्तर' म्हटलं होतं, सोमवारची सकाळही सकाळच.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याला आजीबाईंची शाळा आहे. ८ मार्च २०१६ ला सुरू झाली. साठीपुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जातात. कितीतरी जणी सही करायला शिकल्या. पाटीपेन्सिल, एकदा जाऊन बघून या, हुरूप येईल. सरकारचा 'उल्लास' कार्यक्रमही आहे, २०२२ ते २७ चा. पंधरा वर्षांपुढचं कुणीही शिकू शकतं, शिकवणारे स्वयंसेवक, शेवटी वाचन-लेखन-आकडेमोडीची परीक्षा आणि प्रमाणपत्र. आणि हा प्रकार आपल्याकडे जुना आहे हो. फुल्यांनी १८५५ साली कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती.

---

पाटीपेन्सिल | दुपारी १२:३०

कोपरीकर, फांगण्याच्या आज्यांचे फोटो मी वर्गात दाखवले होते, सगळ्यांना ती गुलाबी साडी फार आवडली. आमची अडचण अशी की त्या शाळेचं निम्मं बळ तिच्या दिसण्यात आहे. अख्खं गाव बघतं, पेपरात फोटो येतात. आमच्याकडे फोटो काढायचीच बंदी. गेल्या दिवाळीत एकीने हौसेने वहीसकट सेल्फी काढून स्टेटसला टाकला. मागे खिडकीतून दुकानाची पाटी दिसत होती. तिसऱ्या दिवशी तिचा दीर त्या दुकानाबाहेर उभा. जागा बदलावी लागली, दोन शनिवार गेले. हजेरीपटही मी नावांचा ठेवत नाही, फळांची नावं दिलीत. उल्लासची परीक्षा आवडेल, पण नोंदणी म्हटली की नावगाव आलं. ज्यांना आता कुणी शोधत नाही अशा दोघींना विचारते.

---

तर्कटराव | ३:०५

या प्रश्नावर ब्राझीलच्या पाउलो फ्रेरीने मूलभूत काम केलेलं आहे. १९६३ साली आंजिकोस या गावात ३०० जणांना ४० तासांच्या शिकवणीत वाचायला शिकवलं. पद्धत अशी, की अक्षरांपासून सुरुवात करायचीच नाही. शिकणाऱ्याच्या जगण्यातले, ज्यांवर तो तावातावाने बोलेल असे शब्द निवडायचे. मजुरांसाठी त्याचा एक प्रसिद्ध शब्द 'वीट' होता. तोच शब्द फोडून त्याची अक्षरं, आणि अक्षरांतून नवे शब्द. माझ्या मते इथे 'सही' हा सुरुवातीचा शब्द निवडणं सैद्धांतिकदृष्ट्याच

---

झब्बू | ३:०९

तर्कटरावांचं वाक्य अर्धवट राहिलं, आपण सुटलो.

---

चाफेकळी | ३:२०

झब्बू, गप रे. मुद्दा बरोबर आहे त्यांचा. या बायकांची 'वीट' काय असेल? भाडं? पगार? चावी? मला 'भाडं' पटतंय. त्यातला 'भ' आला की भाजी, भाकरी, भाऊ.

आणि आकडे आधी शिकवा हो! नोटा सगळ्यांना ओळखता येतात, आकडे नाहीत. ते पण दोन्ही. मोबाईलवर इंग्रजी आकडे, बसवर कधी मराठी तर कधी इंग्रजी. आमच्या घरी काम करणाऱ्या मावशी कोपरखैरणेहून येतात, बसचा नंबर चित्रासारखा ओळखायच्या. बसवरचे आकडे मराठीऐवजी इंग्रजी दिसले त्या दिवशी दोन बस सोडून दिल्या बिचारीने.

---

सत्यवचनी | ४:४४

पुरुषांवर होणाऱ्या अत्याचारांचं काय? त्यांच्यासाठी वर्ग कोण काढणार?

---

कोर्टनाका | ४:५०

तुम्ही. वेगळा धागा काढा, मी येईन उत्तरं द्यायला. मनापासून सांगतेय.

---

झब्बू | रात्री ९:३०

सध्या काहीतरी कामाचं करतो म्हणून बसलो. वर्गासाठी उखाणा, ज्यात कुणाच्या बापाचं-नवऱ्याचं नाव लागत नाही:

दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली,
माझंच नाव घेते मी, पेन्सिल आत्ताच सोलली.

यमक आपल्या ट्रान्सहार्बर लोकलसारखं आहे, वेळेवर येईलच असं नाही.

---

पाटीपेन्सिल | सहा आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. उशिराबद्दल माफ करा, मध्ये पावसाने दोन शनिवार खाल्ले.

आधी नावात_काय यांचं ऐकलं. एक पूर्ण शनिवार पेन्सिलला हातच लावला नाही. मी नवरा झाले, मग घरमालक, मग कर्जवाला एजंट, आणि कागद पुढे करून "इथे कर" म्हणत फिरले. पहिल्या खेपेला आठातल्या सहा जणींनी खरंच पेन हातात घेतलं! कोरा कागद होता. मिरचीवाल्या दोघींतली धाकटी तर "मॅडम तुम्ही मागताय म्हणून" असं म्हणाली. मग मी सांगितलं की मला पण नाही म्हणायचं. ते त्यांना सगळ्यात जड गेलं. शेवटी शेवटी इतका चेव आला की एकीने माझ्या हातातला कागद ओढून घेऊन उलटा धरून वाचायचं नाटक केलं आणि म्हणाली, "ह्यात रक्कमच लिवलेली नाही. उद्या या."

'भाडं' हा शब्द हिट. 'डं' वरचा टिंब कुंकवासारखा देतात.

आता मूळ प्रश्न. मी कोर्टनाकांचं उत्तर आणि रोखपालकाकांचं कुंपण, दोन्ही वर्गाला समजावून सांगितलं आणि म्हटलं, आता तुम्ही ठरवा. मला वाटलं होतं सगळ्या जणी नवऱ्याचं नाव उडवतील. तसं काही झालं नाही.

दोन जोडाक्षरांवालीने नुसतं स्वतःचं नाव घेतलं आणि खाली एक रेघ. गेल्या मंगळवारी तिच्याबरोबर बँकेत गेले. फॉर्मवर पूर्ण नाव मीच लिहिलं, तिथे ते लागतंच. नमुना सहीच्या चौकटीत तिने लिहिलं, आणि दाबून लिहायची सवय, त्यामुळे फॉर्म जवळजवळ फाटलाच. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "एवढीच?" ती म्हणाली, "एवढीच." त्याने दुसरा फॉर्म दिला. त्यावर पहिल्यापेक्षा बरी आली.

चपात्यावाल्या ताईंनी मात्र मला झापलं. त्यांना पूर्ण नाव हवंय, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. "केस चालू आहे माझी. पोटगी घ्यायचीय, खोलीत हिस्सा घ्यायचाय. मी बायको आहे त्याची, नाव मी कशाला सोडू? त्याला सोडायचं तर सोडू दे." तीन शब्द, अकरा अक्षरं, रोज रात्री एक पान गिरवतात. आणि एका ताईंनी काकांचं ऐकून अंगठाच ठेवायचं ठरवलंय. वाचायला शिकेन म्हणतात, पण बँकेला सांगायचं नाही.

---

निवृत्त_रोखपाल | ९:४०

या शेवटच्या ताईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या शाखेत नोकरीला घेतलं असतं.

---

कोर्टनाका | १०:०२

चपात्यावाल्या ताईंचं म्हणणं रास्त आहे. त्यांनी राहत्या घराच्या आदेशासाठी अर्ज केलाय का विचारा, त्याच २००५ च्या कायद्याचं कलम १९. स्त्रीधन आणि बाकी वस्तूंची परतफेडही त्याच कलमात मागता येते. घरातून निघताना कागदपत्रं मागे राहिली असतील तर त्यांची यादी आत्ताच करा. आणि यादी त्यांनाच लिहू दे, कितीही वेळ लागला तरी.

---

नावात_काय | ११:३०

"ह्यात रक्कमच लिवलेली नाही. उद्या या." हे वाक्य मी फ्रिजवर चिकटवलंय.

---

चाफेकळी | रविवार, सकाळी ८:१०

माझ्याकडे लेकीच्या दोन रेघी आणि चौकटीच्या वह्या बऱ्याच पडल्यात, कोऱ्या. पेन्सिलींचा एक खोकाही आहे. पुढच्या शनिवारी आणून देऊ का? कुठे येऊ?

---

पाटीपेन्सिल | ८:२५

हव्यातच! पत्ता इथे नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आणि वह्यांवर लेकीच्या शाळेचं लेबल असेल तर तेवढं काढून आणा. एच-बी नको, टू-बी असतील तर बघा, त्या मऊ असतात, मग तिला एवढं दाबावं लागणार नाही.